साफ केलेलं दुर्मिळ नाणं घ्यावं का?

नाणी जमवणाऱ्या वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न हटकून असतो, आणि तो बहुतेक वेळा खरेदी झाल्यावर विचारलेला असतो. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून चकचकीत राणीछाप रुपया आणलेला असतो. कुणाला लिलावाच्या यादीत नाण्याच्या वर्णनापुढे ‘क्लीन्ड’ असा शब्द दिसलेला असतो. कुणाला एखाद्या अनुभवी संग्राहकाने नाणं हातात घेताच ‘घासलंय हे’ म्हणून नाउमेद केलेलं असतं. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, साफ केलेल्या नाण्याला हातही लावू नका. दुसरा म्हणतो, काळ्या पडलेल्या नाण्यापेक्षा उजळ नाणं केव्हाही चांगलं. या दोन्ही सल्ल्यांवर विसंबून खरेदी केलीत तर नुकसान तुमचंच आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. सहज मिळणारं नाणं साफ केलेलं असेल तर ते संग्रहासाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असो. खरोखर दुर्मिळ नाणं साफ केलेलं असेल तर घेता येतं, पण भावात त्याची वजावट झालेली असली पाहिजे आणि सफाई नेमकी किती खोल गेली आहे हे तुम्हाला स्वतःला दिसलं पाहिजे. जमिनीतून निघालेल्या प्राचीन नाण्यांना मात्र हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही.

आधी नाणं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा

सफाईने किती बिघडलं, हे नाणं कसं पाडलं गेलं यावर अवलंबून असतं.

- यंत्रावर पाडलेली नाणी. 1835 पासूनचे कंपनी सरकारचे रुपये, व्हिक्टोरिया ते सहावा जॉर्ज या काळातली नाणी, संस्थानांची यंत्रावरची नाणी, गोव्यातला पोर्तुगीज राजा लुईस पहिला याचा 1881-82 चा रुपया. एकाच नमुन्याची अशी हजारो-लाखो नाणी निघाली. त्यामुळे दोन नाण्यांतला फरक झीज आणि पृष्ठभाग यांवरूनच ठरतो. सफाईची सर्वांत मोठी शिक्षा याच नाण्यांना होते.
- हाताने ठोकलेली नाणी. शिवराई, अंकुशी रुपये, मुघल रुपये. इथे टांकसाळ, साल, मजकूर किती उमटला आहे, ठसा मध्यभागी बसला आहे का, या गोष्टी आधी पाहिल्या जातात. हलकी, जुनी सफाई इथे बरीचशी चालवून घेतली जाते. आम्ल लावून केलेली सफाई नाही.
- प्राचीन नाणी. आहत नाणी, सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची नाणी, क्षत्रपांची चांदीची नाणी. ही बहुतेक जमिनीतून आलेली आहेत आणि साफ केल्याशिवाय वाचताच आली नसती. त्यामुळे ‘साफ केलेलं आहे का’ याऐवजी ‘कसं साफ केलं आहे’ एवढंच विचारा.

शिवराईबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक नवा संग्राहक तिच्यापासूनच सुरुवात करतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा मजकूर असलेलं हे तांब्याचं नाणं. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळा मजकूर क्वचितच पूर्ण उमटतो. अक्षरांच्या वळणावरून, वेलांटीवरून, बिंदूंच्या वर्तुळावरून शिवराईचे प्रकार ओळखले जातात. लिंबाचा रस किंवा आम्ल लावलं की आधी जातात ती हीच बारीक चिन्हं. शिल्लक राहते ती तांब्याची गुलाबी चकती, जिच्यावर काहीतरी देवनागरी अक्षरं आहेत एवढंच म्हणता येतं. अशा नाण्याचा प्रकारच सांगता येत नसेल, तर दुर्मिळ प्रकाराचा भाव तुम्ही कशासाठी द्यायचा?

सफाईने नेमकं काय जातं

नवीन पाडलेल्या नाण्यावर एक विशिष्ट झळाळी असते. ठशाचा दाब पडताना धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. संग्राहक याला लस्टर म्हणतात. या रेषा एकदा गेल्या की टांकसाळीबाहेर कुणीही त्या परत आणू शकत नाही.

चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे थर चढतो. तो पातळ असताना सोनेरी दिसतो, वाढत गेला की लालसर, निळसर आणि शेवटी काळा. हा थर नाण्याच्याच चांदीपासून बनलेला असतो. चांदी उजळवण्याच्या द्रावणात नाणं बुडवलं की थराबरोबर तेवढी चांदीही निघून जाते. एकदा, काही सेकंदच बुडवलेलं नाणं पुष्कळदा नजरेला निर्दोष वाटतं. पुनःपुन्हा बुडवलेलं नाणं पांढरट, निर्जीव होतं. त्याच्यावर प्रकाश पडतो, पण फिरत नाही.

घासण्याचं काम याहून वाईट. राख, रांगोळी, पितांबरी, टूथपेस्ट या सगळ्यांत कण असतात आणि प्रत्येक कण एक ओरखडा काढतो.

आपल्या घरांतल्या नाण्यांचं एक वेगळंच आहे. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेने उजळवायचे, त्यांना हळदीकुंकू वाहायचं, पुन्हा धुऊन डबीत ठेवायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आजीच्या डबीतून बाजारात आलेले राणीछाप आणि राजाछाप रुपये बहुतेक याच वाटेने आलेले असतात. घरच्यांनी काही वाईट केलं असं नाही. त्यांच्या लेखी तो पूजेचा रुपया होता. पण त्यामुळे ‘घरगुती, जुन्या संग्रहातलं, अस्सल’ असं विक्रेत्याने सांगितलं म्हणजे नाणं साफ केलेलं नाही, असा अर्थ लावू नका. उलट अशा नाण्याकडे जास्त बारकाईने पाहा. माळेत ओवण्यासाठी कडी लावून नंतर काढून टाकलेले रुपयेही असेच येतात. कडेवर, विशेषतः बारा वाजण्याच्या जागी, डाख दिल्याची खूण शोधा.

सफाई आणि जतन यांत फरक आहे

विक्रेते हल्ली सरसकट ‘कन्झर्व्ह केलंय’ असं म्हणतात, म्हणून हा भेद लक्षात ठेवा. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं ठेवून चिकटपट्टीचा डिंक किंवा पीव्हीसी पाकिटाचा हिरवट चिकट थर काढला, तर धातूला धक्का लागत नाही. ते जतन. तांब्याच्या प्राचीन नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येत असेल, तर ती क्लोराइडमुळे होणारी जिवंत झीज असते आणि ती थांबवण्याचे उपचार तज्ज्ञ करतात. तेही जतनच. जे काढलं ते बाहेरून आलेलं किंवा नाण्याला खाणारं होतं का, एवढं विचारलं तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं. नाणं उजळ दिसावं म्हणून काही केलं असेल, तर ती सफाई.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात जवळपास प्रत्येक नाणं चांगलं दिसतं. एकच पिवळसर दिवा किंवा खिडकीतून येणारा एका दिशेचा उजेड मागा. 5 ते 10 पट मोठं दाखवणारं भिंग बरोबर ठेवा. नाणं कडेने धरा, आडवं करा आणि सावकाश फिरवा. मग या खुणा शोधा.

1. एका दिशेने जाणारे केसासारखे ओरखडे. वापरातल्या ओरखड्यांना दिशा नसते आणि ते कमीजास्त खोल असतात. घासल्याचे ओरखडे समांतर किंवा गोलाकार असतात. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत ते आधी दिसतात.
2. झीज आणि रंग यांचा मेळ नसणं. राणीच्या केसांच्या बटा पार झिजलेल्या आहेत, पण नाणं कालच पाडल्यासारखं पांढरंशुभ्र आहे, हे होऊच शकत नाही. सर्वांत सोपी आणि सर्वांत भरवशाची खूण ही. पन्नास माणसांच्या खिशांतून फिरलेल्या चांदीच्या उंच भागांवर करडेपणा आणि खोलगट भागांत काळसरपणा असायलाच हवा.
3. अक्षरांभोवतीची काळी कड. कापड मोकळ्या जागेवर फिरतं, अक्षराच्या कुशीत शिरत नाही. त्यामुळे मोकळी जागा उजळ आणि प्रत्येक अक्षराभोवती मळाची रेघ राहते.
4. तांब्याचा सोललेला रंग. जुनं तांबं चॉकलेटी किंवा गडद तपकिरी असतं. नव्या नाण्याचा मूळ लाल रंग झळाळीसकट असतो. फिकट गुलाबी, झळाळी नसलेलं तांबं म्हणजे आम्ल लागलेलं.
5. नंतर चढवलेला रंग. सफाई लपवण्यासाठी गंधकाची संयुगं किंवा उष्णता वापरून नाणं पुन्हा काळं-निळं करतात. खरा थर हळूहळू एका रंगातून दुसऱ्यात जातो. बनावट थर डागाडागांनी असतो, ओरखड्यांच्या वरूनही चढलेला असतो आणि भिंगाखाली रंगवल्यासारखा वाटतो.
6. बोथट, वाहती अक्षरं. फिरत्या ब्रशने खोटी झळाळी आणलेल्या नाण्यावर धातू सरकून अक्षरांच्या कडेला बारीक धार जमते. हे नाणं प्रथमदर्शनी सर्वांत सुंदर दिसतं. सावध राहा.

दुर्मिळ सालाचं नाणं असेल आणि बाकी सगळं सोडून सालाच्या आकड्याभोवतीच घासलेलं दिसत असेल, तर हा सफाईचा प्रश्न नाही. आकडा बदलला आहे असं समजून नाणं खाली ठेवा.

वजनही करून पाहा. ब्रिटिश काळातला 1939 पर्यंतचा चांदीचा रुपया टांकसाळीतून 11.66 ग्रॅमचा निघे आणि त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी असे. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचाच. सामान्य झिजेने वजन थोडं कमी होतं. पण झीज फारशी नसताना वजन बरंच कमी भरत असेल, तर आम्लाने धातू खाल्ला आहे किंवा नाणं खोटं आहे. दोन्ही परिस्थितींत व्यवहार करू नका. ओतीव खोटी नाणी साफ करून विकण्याचं कारणही लक्षात ठेवा. ओतताना राहिलेली बारीक छिद्रं आणि कडेचा सांधा घासून सपाट करता येतो, आणि मग ‘सफाईमुळे तसं दिसतंय’ असं सांगता येतं.

फोटोवरून घेत असाल तर विक्रेत्याकडे एका दिव्याखाली नाणं फिरवतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागा. स्थिर फोटोत ओरखडे लपवणं सोपं असतं, फिरत्या नाण्यात अवघड. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर.

मग घ्यायचं कधी?

स्वतःला एक प्रश्न विचारा: थोडं थांबलो, तर हेच नाणं न घासलेलं, माझ्या ऐपतीत मिळेल का? उत्तर ‘हो’ असेल तर थांबा. 1862 चा व्हिक्टोरिया रुपया किंवा 1912 ते 1920 दरम्यानचे पंचम जॉर्जचे रुपये मूळ रंगात, ठीकठाक अवस्थेत आजही मिळतात. त्यांतलं घासलेलं नाणं घेणं म्हणजे पुढे विकताना कुणीतरी तुमच्यासारखाच घाईत असलेला शोधणं.

उत्तर ‘नाही’ असेल तर गोष्ट वेगळी. 1911 चा पंचम जॉर्ज रुपया घ्या. राजाच्या वस्त्रालंकारावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, मुस्लिम समाजात नाराजी पसरली, बहुतांश नाणी वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल अशी नक्षी आली. हे नाणं सुस्थितीत घ्यायचं तर खिसा चांगलाच हलका होतो. मर्यादित पैसे असलेल्या संग्राहकाने हलकं साफ केलेलं घेतलं तर त्यात गैर काही नाही. पण इथेही अट आहे: तो हत्ती स्पष्ट दिसला पाहिजे. ज्या तपशिलासाठी नाणं प्रसिद्ध आहे, तोच घासून सपाट झाला असेल तर तुमच्याकडे फक्त 1911 हा आकडा उरतो. 1939 चा रुपयाही असाच, सहजासहजी न मिळणारा. तिथे साल निर्विवाद हवं आणि सालाभोवतीची जागा अस्पर्श हवी.

थोडक्यात, साफ केलेलं नाणं तेव्हाच घ्या जेव्हा:

- ते अस्सल आहे याबद्दल शंका नाही;
- ज्या वैशिष्ट्यासाठी ते दुर्मिळ आहे, ते वैशिष्ट्य शाबूत आहे;
- सफाई जुनी आहे आणि वर पुन्हा नैसर्गिक रंग धरू लागला आहे, किंवा ती हलकी आहे;
- विक्रेत्याने ती आपणहून, लेखी सांगितली आहे;
- तुम्हाला ते संग्रहात ठेवायचं आहे, दोन वर्षांत नफ्याने विकायचं नाही.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साफ केलेलं नाणं गुंतवणूक म्हणून घेऊ नका. बाजार वर जातो तेव्हा मूळ पृष्ठभागाची नाणी आधी उचलली जातात. बाजार थंडावतो तेव्हा साफ केलेल्या नाण्यांना कुणी विचारतही नाही.

काही नाणी मात्र दुर्मिळ असली तरी सोडून द्यावीत. खडबडीत, आम्लाने खड्डे पडलेलं नाणं. पुसट अक्षरं अवजाराने पुन्हा कोरलेलं नाणं. पॉलिश करून आरसा केलेलं नाणं. यांचं काहीच होऊ शकत नाही.

भाव कसा ठरवायचा

एकच ठराविक टक्का सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी सुचवतो ती पद्धत साधी आहे. नाण्याचा तपशील ज्या दर्जाचा आहे त्याच्या एक पायरी खालच्या दर्जाचा भाव ही वरची मर्यादा धरा आणि तिथून खाली घासाघीस करा. समजा, एखादं नाणं न घासलेल्या ‘एक्सएफ’ (अगदी थोड्या झिजेच्या) अवस्थेत 20,000 रुपयांना आणि ‘व्हीएफ’ (त्याखालच्या पायरीच्या) अवस्थेत 12,000 रुपयांना मिळतं. तपशील ‘एक्सएफ’ पण हलकं साफ केलेलं नाणं 12,000 च्या वर घेऊ नका. ओरखडे नुसत्या डोळ्यांनी दिसत असतील तर आणखी एक पायरी खाली या. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या नाण्याचे खरे भाव गेल्या वर्ष-दोन वर्षांतल्या लिलावांच्या निकालांतून काढा. विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नका, विकला गेलेला भाव पाहा.

चांदीच्या नाण्याला खालची मर्यादाही असते. पूर्ण वजनाच्या 91.7 टक्क्यांच्या रुपयात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असते. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणा. सर्वसाधारण, घासलेल्या राणीछाप रुपयाला याहून फारसं जास्त देण्याचं कारण नाही.

लिलावात बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचं शुल्क आणि कर वेगळे लागतात. तुमची कमाल बोली ठरवताना ते आधीच वजा करा. नाणी पाहण्यासाठी ठेवलेल्या दिवशी जाऊन नाणं प्रत्यक्ष पाहा. बहुतेक लिलावांच्या अटींत नाणं ‘जसं आहे तसं’ विकलं जातं. खोटं निघालं तर परत घेतात, पण ‘साफ केलेलं वाटतंय’ या कारणावर क्वचितच.

प्लास्टिकच्या डबीतलं नाणं

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणं तपासून सीलबंद डबीत देतात. 1 ते 70 च्या मोजपट्टीवर आकडा मिळालेलं नाणं म्हणजे त्यांच्या मते पृष्ठभाग मान्य. साफ केलेल्या नाण्यावर आकडा नसतो. ‘एक्सएफ डिटेल्स – क्लीन्ड’ असा शेरा असतो. म्हणजे नाणं अस्सल आहे, तपशील त्या दर्जाचा आहे, पण पृष्ठभाग बिघडलेला आहे. नवख्या संग्राहकासाठी ‘डिटेल्स’ शेऱ्याचं दुर्मिळ नाणं हा उघड्या, संशयास्पद नाण्यापेक्षा चांगला पर्याय आहे. निदान खोटं असण्याची भीती राहत नाही. दोन गोष्टी मात्र करा. डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का ते पाहा, कारण डब्याही खोट्या निघतात. आणि विक्रेता ‘डिटेल्स’ शब्द गाळून फक्त ‘एक्सएफ’ सांगत असेल, तर त्याच्याकडून दुसरं काहीही घेऊ नका.

बिल, तक्रार आणि तुमचे हक्क

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘घेतलं ते घेतलं’ हा अलिखित नियम मानला जातो. कायदा तसं म्हणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वस्तू विशिष्ट दर्जाची किंवा गुणवत्तेची आहे असं खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं.

म्हणून व्यवहारापूर्वी एवढं करा:

- बिलावर नाण्याचं साल, टांकसाळ, वजन, सांगितलेला दर्जा आणि ‘साफ केलेलं’ किंवा ‘साफ न केलेलं’ हे शब्द लिहून घ्या. सगळी मदार या एका ओळीवर आहे.
- परत करण्याची मुदत विचारा आणि तीही लिहून घ्या.
- व्हॉट्सॲपवरचं बोलणं, फोटो, व्हिडिओ, पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा.
- टपालाने आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ऑनलाइन मंचावरून घेतलं असेल तर त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि वस्तूची किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र तुम्ही नाणं पुन्हा विकण्यासाठी घेतलं असेल, तर कायद्याच्या लेखी तुम्ही ग्राहक ठरत नाही. एखाद्या हौशी संग्राहकाने दुसऱ्याला एखादं नाणं विकलं, तर त्याला व्यापारी ठरवणंही अवघड. तिथे तुमची सावधगिरी हाच उपाय.

आणखी तीन कायदेशीर गोष्टी, ज्या वाचक हमखास विसरतात:

- 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं. त्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो आणि असं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आजोबांचा 1911 चा रुपया पाठवण्याआधी हे लक्षात घ्या. तपासणीसाठी परदेशी पाठवतानाही तोच नियम.
- ‘शेतात सापडलं, साफ करून देतो’ असं कुणी म्हणालं तर दूर राहा. जमिनीत सापडलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.
- तुमचं नाणं लाखो रुपयांना घेतो, आधी रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, असं सांगणारे फोन फसवे आहेत. आपण अशा व्यवहारात नाही आणि कमिशनही घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये केला आहे.

घरी आणल्यावर

साफ केलेलं नाणं ‘अजून थोडं नीट करू’ असं म्हणून पुन्हा घासू नका, आणि काळं करण्याचे घरगुती प्रयोगही करू नका. त्याला हवेत आपोआप रंग धरू द्या. वर्षं लागतात, लागू द्या. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम टाळा, मायलारची पाकिटं वापरा. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकर यांतून गंधक येतं, त्यांच्यापासून नाणी दूर ठेवा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलत राहा. पूजेसाठी हल्लीचं, सराफाकडचं चांदीचं नाणं ठेवा आणि संग्रहातल्या रुपयाला चिंचेतून सुट्टी द्या.

नजर तयार करण्यासाठी मूळ पृष्ठभागाची नाणी पुष्कळ पाहावी लागतात. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन पाहा. नाशिकजवळ अंजनेरी इथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. महागडं नाणं घेण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी अर्धा दिवस घालवा.

आणि एक विनंती. घेतलेल्या प्रत्येक साफ केलेल्या नाण्याच्या पाकिटावर तसं स्पष्ट लिहून ठेवा. उद्या तुम्ही किंवा तुमची मुलं ते विकायला काढतील, तेव्हा समोरच्याला ते आधी सांगा आणि बिलावरही लिहून द्या.